हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दिवाळी अंकात फंडाचा आणि पेन्शनचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. पण या विषयाला दिवाळीइतका योग्य मुहूर्त वर्षात दुसरा नाही. याच दिवसांत घरोघरी माळे झाडले जातात, ट्रंका उपसल्या जातात आणि पिवळे पडलेले कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्या गठ्ठ्यात एखादी फंडाची जुनी स्लिप असते. रद्दीवाला तिला किलोच्या भावात घेतो. एखाद्या घराला मात्र तीच स्लिप जन्मभर दरमहा पैसे देऊ शकली असती. तेव्हा हा लेख वाचून होईपर्यंत तरी माळ्यावरचा गठ्ठा दाराबाहेर जाऊ देऊ नये, अशी वाचकांना आणि विशेषतः घरातल्या भगिनींना माझी विनंती आहे.

मी तीस वर्षे एका खाजगी कारखान्याच्या हिशेबखात्यात पगारपत्रके लिहिली. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक हातात पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. पिशवी दिसली की मी समजतो, आत फंडाचे कागद आहेत, किंवा असायला हवे होते आणि नाहीत. या पिशव्या पाहून पाहून माझे एक मत बनले आहे. लोक म्हणतात, ‘आमचे पेन्शन हरवले.’ पैसे असे हरवत नसतात. ते ठेवले तिथेच असतात, त्यांचा हिशेब असतो, आणि ज्याच्याकडे ते आहेत त्याला ते आपल्याकडे आहेत हे पक्के ठाऊक असते. हरवलेला असतो तो मालक. आणि हरवलेल्या मालकाला शोधून काढणे हे ज्याच्याकडे पैसे ठेवलेले आहेत त्याचे कर्तव्य आहे, असे माझे म्हणणे आहे. आज सगळा कारभार नेमका उलटा चालतो.

‘अहो, पण खाजगी नोकरीत पेन्शन असते कुठे?’ असे विचारणारे सुशिक्षित लोक मला दर आठवड्याला भेटतात. पदवीधर भेटतात, वकील भेटले आहेत. म्हणून आधी थोडा हिशेब सांगणे भाग आहे. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या फंडाचा, कायदा १९५२ साली झाला. १९७१ साली त्याला कुटुंब पेन्शनची जोड मिळाली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगाराला स्वतःला दरमहा पेन्शन देणारी योजना सुरू झाली. कामगाराच्या पगारातून फंडासाठी १२ टक्के कापले जातात आणि मालक तेवढेच घालतो. मालकाच्या त्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. हे पैसे कामगाराच्या पगारातून कापलेले नसल्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर त्याला ते दिसत नाहीत, आणि जे चिठ्ठीवर दिसत नाही त्याची चर्चा घरात होत नाही. साऱ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

या योजनेत दहा वर्षे भरली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. मग पेन्शनची ठेव एकरकमी हातात मिळत नाही. ती वयाच्या ५८ व्या वर्षापासून दरमहाच मिळायची. आता पाहा काय होते. माणूस बारा वर्षे नोकरी करतो, कारखाना बंद पडतो, तो फंडाचा अर्ज भरतो, एक रक्कम हातात येते, तीत मुलीचे लग्न किंवा गावाकडच्या घराचे छप्पर होते. तो समजतो, हिशेब मिटला. वस्तुतः मिटलेला असतो तो फंडाचा. पेन्शनचा हिशेब तसाच उघडा राहतो. त्याला कोणी हे सांगत नाही. मालक निघून गेलेला असतो, युनियनचा बोर्ड उतरलेला असतो, आणि सरकारी नियम असा की अर्ज आल्याशिवाय कचेरीने हलायचे नाही.

पेन्शन किती, तेही सांगतो. पेन्शनयोग्य पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. १९९६ ते २००८ अशी बारा वर्षे ज्याने काढली आणि ज्याचा पगार त्या काळच्या ६,५०० रुपयांच्या मर्यादेला टेकला होता, त्याला महिना १,११४ रुपये मिळायला हवेत. ‘एवढेच?’ म्हणून नाक मुरडणारे लोक मला ठाऊक आहेत. ते दिवाळीत तेवढ्याच रुपयांचे फटाके उडवतात. ज्या घरात मी ही रक्कम सांगितली आहे त्या घरात कोणी नाक मुरडलेले मी पाहिले नाही. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन हजार रुपये ठरले. ते साडेसात हजार करा, या मागणीसाठी निवृत्त माणसांना बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत उपोषणाला बसावे लागले. तो अन्याय आहेच. पण ज्यांना तो हजारसुद्धा आपला आहे हे माहीत नाही, ते कोणत्या मांडवात बसणार?

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. यजमान एका इंजिनिअरिंग कारखान्यात बारा वर्षे फिटर होते. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी रिक्षा घेतली आणि २०१५ साली, ५३ व्या वर्षी, ते वारले. वहिनींनी चार घरच्या पोळ्या लाटून दोन मुले वाढवली. एकदा आधार कार्ड शोधताना त्यांना रेशन कार्डाच्या जाड कव्हरात घडी घातलेली फंडाची स्लिप मिळाली आणि ती दाखवायला त्या माझ्याकडे आल्या.

‘भाऊजी, हे टाकून देऊ का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी स्लिप पाहिली. बारा वर्षे भरलेली. म्हटले, ‘वहिनी, हे देवघरात ठेवा.’

कारण नियम असा आहे की, दहा वर्षांची नोकरी झालेला माणूस नोकरी सोडल्यावर आणि ५८ वर्षांचा होण्याआधी वारला, तरी त्याच्या पत्नीला मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून विधवा पेन्शनचा हक्क आहे, आणि दोन मुलांना प्रत्येकी पंचविशीपर्यंत निराळे पेन्शन आहे. यजमान गेले तेव्हा धाकटा १९ वर्षांचा होता आणि मोठी २२ वर्षांची. धाकट्याने त्या वर्षी कॉलेज सोडून कुरिअरच्या दुकानात नोकरी धरली. ज्या महिन्यात त्याने कॉलेज सोडले त्या महिन्यात त्याच्या नावाचे पैसे सरकारदरबारी होते. मोठी रक्कम नव्हती. पण प्रवासाचा पास आणि वह्या त्यात निघाल्या असत्या. वहिनींना हे सांगताना माझी जीभ जड झाली. त्या एवढेच म्हणाल्या, ‘कोणी सांगितलंच नाही हो.’

या वाक्यावर आपल्याकडचे शहाणे लोक लगेच उत्तर देतात: कायदा माहीत नसणे ही सबब होऊ शकत नाही, आपले कागद आपण जपायला हवेत. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला आता रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो. कागद जपायला घर लागते. भाड्याच्या खोल्या बदलत, पावसात गळक्या छपराखाली दिवस काढत माणसाने इंग्रजीतल्या स्लिपा तीस वर्षे जपायच्या. आणि ज्यांच्यापाशी पक्क्या भिंतींच्या इमारती, पंखे, संगणक आणि पगारी नोकर आहेत त्यांनी मात्र कोणाचे काय देणे आहे ते आपणहून पाहायचे नाही! जपण्याची जबाबदारी कोणावर असावी, हे लहान मूलसुद्धा सांगेल. आणि तेच सरकार कराच्या बाबतीत किती तत्पर असते ते पाहावे. बँकेतल्या व्याजाचे चारशे रुपये विवरणात लिहायचे राहिले तर तुमच्या मोबाईलवर संदेश येतो. त्या वेळी तुमचे नाव, जन्मतारीख, पॅन, आधार, सगळे एकमेकांशी जुळते. घ्यायचे असले की जुळते, द्यायचे असले की जुळत नाही.

आता तुळशीपत्राकडे येतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून ते दान करून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी म्हण; दुसऱ्याच्या मालावर आपण पुण्य मिळवायचे असा तिचा अर्थ. २८ फेब्रुवारी २०१५ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अंदाजपत्रक मांडताना सांगितले की, सार्वजनिक भविष्य निधीत सुमारे ३,००० कोटी आणि कामगारांच्या फंडात सुमारे ६,००० कोटी रुपये कोणी न मागितलेले पडून आहेत, आणि त्यांतून ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी उभारावा. त्या वर्षीच्या वित्त कायद्यात तशी तरतूद झाली. ठरलेल्या मुदतीत मागणी न आलेले पैसे या निधीत वळवायचे, म्हातारी माणसे, गरीब, लहान शेतकरी यांच्या विम्याला वगैरे ते लावायचे. मूळ मालक आला तर त्याला पंचवीस वर्षांपर्यंत मागता येतील. त्यानंतर, न्यायालयाने निराळा हुकूम दिला नाही तर, ते केंद्र सरकारचे होतील.

हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांचे कल्याण कोणाला नको आहे? पण हे न मागितलेले पैसे कोणाचे होते, याचा विचार करावा. तेही म्हाताऱ्यांचेच, आणि त्यांतल्या सर्वांत गरीब म्हाताऱ्यांचे. ज्याने आयुष्यभर एकाच मोठ्या कंपनीत नोकरी केली, ज्याच्या मुलाला संगणक येतो, त्याचे खाते बेवारस होत नाही. बेवारस होते ते कंत्राटी मजुराचे, बंद गिरणीतल्या जॉबरचे, लग्नानंतर गाव बदललेल्या पॅकिंगच्या मुलीचे. तिचे पैसे घेऊन तिच्याच वयाच्या बायकांसाठी कल्याण योजना काढायची, आणि ती मात्र पोळ्या लाटत बसणार.

यात आणखी एक गंमत आहे. फंडातल्या अशा पडून राहिलेल्या खात्यांविषयी संसदेत प्रश्न निघाले तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आले की ही खाती बेवारस नाहीत, ती केवळ निष्क्रिय आहेत; प्रत्येक खात्याला निश्चित दावेदार आहे. उत्तम! मला हेच म्हणायचे आहे. दावेदार निश्चित आहे म्हणता, मग त्याच्याकडे जाण्यात अडचण कसली? २०२३-२४ अखेर अशा निष्क्रिय खात्यांची संख्या साडेएकवीस लाखांवर होती आणि त्यांत साडेआठ हजार कोटी रुपये होते, असा आकडा लोकसभेत दिला गेला. भागाकार केला तर खात्यामागे चाळीस हजारांच्या आसपास पडतात. शिवाय हे झाले फंडाचे. ज्यांनी पेन्शनचा अर्जच केला नाही त्यांचे दरमहाचे हक्क त्या आकड्यात धरलेले नाहीत.

मध्यंतरी तर कहरच झाला होता. १ एप्रिल २०११ पासून ज्या खात्यात तीन वर्षे भरणा झाला नाही त्याचे व्याजच बंद केले गेले. सांगायचे असे की, लोकांनी खाती नुसती पडू देऊ नयेत म्हणून ही योजना. झोपलेल्या माणसाला जागे करायचे तर त्याला हाक मारायची, की त्याच्या खिशातले पैसे कमी करायचे? ज्याला खाते आहे हेच ठाऊक नाही त्याला व्याज थांबल्याचे कुठून कळणार? पाच वर्षांनी, २०१६ च्या नोव्हेंबरात, तो नियम बदलला आणि निवृत्तीच्या वयापर्यंत व्याज पुन्हा चालू झाले. त्यानंतरही ५८ व्या वर्षानंतर खाते फार काळ तसेच ठेवू नये, व्याज थांबते.

गिरणगावचा विषय इथे टाळता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कित्येक परत गिरणीत गेलेच नाहीत. ट्रंक उचलली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची गाडी धरली. ज्यांनी १९९५ पूर्वीच काम सोडले त्यांना सर्वसाधारणपणे ही मासिक पेन्शन लागू नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही. पण फंडाची शिल्लक हा निराळा हक्क आहे, आणि जे नंतरपर्यंत गिरणीत राहिले त्यांची गोष्टही निराळी आहे. त्यांची नातवंडे आज हा अंक वाचत असतील. आजोबांच्या ट्रंकेत टोकन, पितळी बिल्ला आणि हजेरीचे कार्ड यांच्याखाली काय आहे, ते त्यांनी एकदा पाहावे.

आता नावाची गोष्ट. पैशाचा मालक हरवण्याची जी कारणे मी पाहिली त्यांत नावाइतके मोठे कारण दुसरे नाही, आणि त्यातही आपल्या मराठी मुलींच्या नावाइतका घोळ कुठे नसेल. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि कित्येक घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहून तिचे स्वतःचे नावही बदलतात. म्हणजे एका संध्याकाळी त्या मुलीची तिन्ही नावे नवी. आपण पेढे वाटतो; फंडाच्या वहीत मात्र जुन्या नावाची मुलगी कायमची बेपत्ता होते.

अशा एक बाई गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. लग्नाआधी १९९६ ते २००३ अशी सात वर्षे त्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. लग्नानंतर २००४ ते २०१३ अशी नऊ वर्षे दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या नावाने. दोन खाती, दोन नावे. सातला दहा नव्हेत, नऊलाही दहा नव्हेत. निराळे धरले तर कुठेच पेन्शन नाही. पण दोन्ही ठिकाणी बाई एकच! एकत्र धरले तर सोळा वर्षे होतात आणि ६,५०० च्या पगारावर महिना १,४८६ रुपयांचा हक्क उभा राहतो. सुदैवाने त्यांनी पेन्शनची ठेव कुठूनच काढून घेतली नव्हती. नोकरी सोडताना ठेव न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेतले तर मागची वर्षे पुढच्या नोकरीला जोडता येतात. हे त्यांना दोन्ही कारखान्यांत कोणी सांगितले नाही. पहिल्या कारखान्याच्या कारकुनाने सही घ्यायला कागद पुढे सरकवला होता तो इंग्रजीत होता, आणि लग्न चार दिवसांवर आलेले होते.

त्यांच्या बाबतीत आता पुढचा विचार आला. त्या पन्नाशीला आल्या होत्या, आणि पन्नाशीपासून पेन्शन घेण्याची मुभा आहे. पण ५८ पूर्वी घेतले तर दर वर्षामागे चार टक्के कपात होते, ती तात्पुरती नसून मरेपर्यंतची. पन्नासाव्या वर्षी घेतले तर चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम कायमची जाते. उलट ५८ नंतर आणखी थांबायची तयारी असेल तर साठीपर्यंत दर वर्षी चार टक्के वाढतात. मी त्यांना सांगितले, घरात चूल पेटत असेल आणि प्रकृती धड असेल तर ५८ पर्यंत थांबा. नवरा आजारी असेल, कर्ज डोक्यावर असेल तर आज घ्या आणि मागे वळून पाहू नका. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात. मात्र थांबायचे असले तरी नाव जुळवण्याचे काम आजच करायचे. साक्षीदार म्हातारे होतात, कारखाने पाडून टॉवर होतात. आणि ज्यांचे ५८ उलटून गेले आहे त्यांनीही ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नये. हक्क सुरू होतो तो ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. मागची थकबाकी मागावी.

शोध कसा करावा, हेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्या दारच्या पिशव्या थोड्या कमी होतील. फंडाच्या जुन्या क्रमांकात आधी राज्याची आणि कचेरीची अक्षरे असतात, मग कारखान्याचा क्रमांक, शेवटी कामगाराचा. कारखान्याचा क्रमांक सर्व कामगारांना एकच. म्हणून तुमची स्लिप हरवली असेल तर शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या मित्राची स्लिप शोधा. अर्धा क्रमांक तिथे मिळतो. पगाराची चिठ्ठी, प्राप्तिकराचा जुना फॉर्म १६, नेमणुकीचे पत्र, पगार जमा होत असलेल्या बँकेचे पासबुक, यांतले काहीही उपयोगी पडते. २०१४ नंतर नोकरीत असलेल्यांना एकच कायमचा सार्वत्रिक क्रमांक मिळाला, त्यामुळे तरुण पिढीचे हाल कमी होतील, हे सरकारच्या पदरात घालायला हवे. काही मोठ्या कंपन्या फंड स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवीत. कंपनी बुडाली आणि ट्रस्ट मिटला म्हणून निराश होऊ नये, कारण पेन्शनचा हिस्सा तेव्हाही सरकारी योजनेतच जात होता. नावात फरक असेल तर कामगार आणि मालक यांच्या संयुक्त सहीचा अर्ज लागतो. मालक उरलाच नसेल तर मॅजिस्ट्रेट, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, गावचा सरपंच, बँकेचा व्यवस्थापक अशांपैकी कोणाची साक्षांकित सही चालते. आमच्या वहिनींचे काम असेच झाले. यजमानांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एका अक्षराचा फरक होता, तो बँकेच्या व्यवस्थापकांनी सही करून मिटवला. आणि हे सगळे फुकट होते. थकबाकीत टक्केवारी मागणारा दलाल भेटला तर त्याला दिवाळीचा लाडू द्यावा आणि दार लावून घ्यावे.

पण एवढे सगळे माणसाने करायचे, यालाच माझा विरोध आहे! वरचा परिच्छेद लिहिताना मला त्याची लाज वाटत होती. साठीच्या बाईने मशीनवरच्या मैत्रिणीच्या स्लिपवरून अर्धा क्रमांक शोधायचा, हा काय न्याय झाला?

‘मालक शोधणे व्यवहारात शक्य नाही’ असे कोणी म्हणेल तर त्याला दोन उदाहरणे देतो. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली बँकांना सांगितले की १ जूनपासून शंभर दिवसांत प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेने आपल्या पहिल्या शंभर बेवारस ठेवींचे मालक किंवा वारस शोधून पैसे द्यावेत. ऑगस्टात ‘उद्गम’ नावाचे एक ठिकाण काढले, जिथे अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी एकाच जागी नावावरून शोधता येतात. म्हणजे ठेवीदाराला शोधायला निघणे शक्य आहे. ठेवीदार बँकेचा असावा लागतो एवढेच. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथेही नोकऱ्या बदलताना माणसांची निवृत्तीची खाती मागे राहून जातात. २०१९ च्या कायद्याने त्यांनी ठरवले की, सोळा महिने भरणा न झालेली आणि सहा हजार डॉलरांच्या आतली खाती फंडांनी करखात्याकडे सोपवावीत आणि करखात्याने त्या माणसाचे चालू खाते हुडकून पैसे तिथे टाकावेत. माणसाने अर्ज करायचा नाही. ज्या करखात्याला सगळ्यांचे पत्ते ठाऊक असतात त्यालाच कामाला लावले! आपले करखाते काही कमी हुशार नाही.

नावे जाहीर केली तर लबाड लोक खोटे वारस उभे करतील, असा एक आक्षेप आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पडून राहिलेल्या पैशाभोवती घारी फिरतातच. म्हणून रक्कम छापू नका. नाव, कारखाना आणि गाव एवढेच ग्रामपंचायतीच्या आणि वॉर्डाच्या फलकावर लावा. आणि जुन्या पत्त्यावर एक पत्र पाठवा. पत्रामागे छपाई, टपाल, कारकुनाचा वेळ मिळून पंचवीस रुपये धरले तरी साडेएकवीस लाख पत्रांना साडेपाच कोटींहून कमी खर्च येतो, आणि तो साडेआठ हजार कोटींच्या मालकांसाठी करायचा आहे. निम्मी पत्रे परत येतील. येऊ देत. निम्मी पोहोचतील.

पत्र मराठीत असावे, मोठ्या अक्षरांत असावे, आणि त्यात कलमांचे आकडे नसावेत. मसुदा मीच करून देतो: ‘तुम्ही किंवा तुमच्या घरातील अमुक यांनी अमुक साली अमुक कारखान्यात काम केले होते. त्यांच्या नावाचे पैसे आमच्याकडे आहेत, आणि दरमहा पेन्शनचाही हक्क असू शकतो. लग्नामुळे किंवा इतर कारणाने नाव बदलले असले तरी यावे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि, ते हयात नसल्यास, मृत्यूचा दाखला घेऊन अमुक पत्त्यावर या. बाकीचे कागद आम्ही शोधू.’

शेवटचे चार शब्द कचेरीला जड जातील, याची मला कल्पना आहे. पण ते गाळून पत्र पाठवायचे असेल तर टपालाचा खर्च करू नये.